रेव्हरंड टिळकांचे दोन वाचक

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या कवितेला मराठीत दोन निरनिराळे वाचकवर्ग लाभले, आणि त्या दोघांची गाठ क्वचितच पडली. एक वर्ग शाळेच्या क्रमिक पुस्तकातून आला. त्याला टिळक 'फुलामुलांचे कवी' म्हणून माहीत आहेत. 'केवढे हे क्रौर्य!' या कवितेतील घायाळ पक्षिणी त्याच्या बालपणाच्या आठवणीत घर करून असते. कवीच्या नावामागे 'रेव्हरंड' ही उपाधी का आहे, याची चौकशी करण्याचे त्याला सहसा कारण पडत नाही. दुसरा वर्ग रविवारी मंडळीच्या उपासनेत बसतो. 'उपासना संगीता'तील गीते तो लहानपणापासून गात आलेला असतो आणि त्यांतील कितीतरी टिळकांची आहेत हे त्याला ठाऊक असते. मात्र हाच कवी केशवसुतांचा समकालीन होता व आधुनिक मराठी कवितेच्या पहिल्या पिढीत त्याचे नाव आदराने घेतले जाते, ही गोष्ट त्याला दूरच्या नातलगाच्या मोठेपणासारखी वाटते.

मराठी समीक्षेने ही विभागणी मोडण्याचा यत्न फारसा केला नाही. वाङ्मयेतिहासांत टिळकांचे धर्मांतर चरित्राच्या सदरात येते, कविता कवितेच्या सदरात. भक्तिपर रचनेचा उल्लेख होतो तो बहुधा एखाद्या वाक्यापुरता, आणि त्या वाक्यात 'प्रचार' हा शब्द दबा धरून बसलेला असतो. परिणामी दोन्ही बाजूंना अर्धे टिळक मिळाले आहेत, आणि अर्ध्या कवीचे मूल्यमापनही अर्धेच होते.

चरित्राचा सांगाडा परिचित आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे 6 डिसेंबर 1861 रोजी चित्पावन ब्राह्मण कुटुंबात जन्म. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृताचे अध्ययन. अकरा वर्षांच्या, जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी विवाह. मग शिक्षकी, कीर्तने, व्याख्याने अशी वर्षानुवर्षांची भटकंती. नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ग्रंथसंपादनाचे काम त्यांनी केले, आणि तरुण केशवसुतांशी त्यांचा परिचयही त्याच शहरात झाला. नागपुराहून राजनांदगावाकडे जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. त्या प्रतीतील डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांच्या मनाची जी पकड घेतली, तिची परिणती 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत घेतलेल्या दीक्षेत झाली. पुढे अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, ही त्यांची कर्मभूमी ठरली. अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षणशाळेत त्यांनी अध्यापन केले, 1904 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि 1842 पासून चालत आलेल्या 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन अखेरच्या वर्षांत त्यांच्याकडे होते. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला.

या सांगाड्यात पाळक, लेखक आणि शिक्षक अशा तीन भूमिका दिसतात. त्यांना जोडणारा दुवा कोणता, हे पाहण्यासाठी टिळकांच्या वेळी ख्रिस्ती मराठीची स्थिती काय होती ते ध्यानात घ्यावे लागते.

विल्यम कॅरी यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार 1811 मध्ये बाहेर पडला. तेव्हापासून शतकभरात मिशनऱ्यांनी व त्यांच्या मराठी सहकाऱ्यांनी एक स्वतंत्र परिभाषा घडवली. ही परिभाषा मराठी शब्दांचीच होती. पण ते शब्द जेथून उचलले होते तेथली माती त्यांना चिकटून राहिली. 'करार' हा कचेरीतला शब्द. परमेश्वराने मानवाशी केलेल्या नात्याला तो लावला. 'तारण' या शब्दाचा बाजारातला अर्थ कर्जापोटी गहाण ठेवलेली वस्तू. येथे तो मुक्तीच्या अर्थाने आला. चर्चला 'मंडळी' म्हटले. हे शब्द चुकीचे होते असे नव्हे. कोणत्याही मोठ्या भाषांतराला असेच हाती येतील ते शब्द घेऊन पुढे जावे लागते, आणि वापराने ते रुळतातही. परंतु ज्याच्या कानावर लहानपणापासून तुकारामाचे अभंग पडले होते, त्याला या शब्दांत प्रार्थना करणे म्हणजे परक्याच्या घरी जपून बोलण्यासारखे वाटले असल्यास नवल नाही. गीतांची अवस्था त्याहून बिकट होती. इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे इंग्रजी चालींतच गायिली जात, आणि त्या चालीत बसवण्यासाठी मराठी शब्दांचे स्वाभाविक आघात मोडावे लागत. अहमदनगरला टिळकांच्या आधीच ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा सुरू झाली होती हे खरे. गद्यात बाबा पदमनजी यांनी 'यमुनापर्यटन' (1857) लिहून सामाजिक कादंबरीची वाटही पाडली होती. पण ख्रिस्ती भक्तीला स्वतःचा असा काव्यस्वर अद्याप सापडला नव्हता.

टिळकांनी काय केले, हे सांगताना बहुधा 'त्यांनी ख्रिस्ती धर्माला भारतीय वेश दिला' असे म्हटले जाते. हे वर्णन अपुरे आहे. वेश ही बाहेरून चढवण्याची वस्तू. अभंग हा छंद तसा चढवता येत नाही. मोठ्या अभंगाची घडण पाहावी. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक. आणि शेवटी तो आखूड चौथा चरण, जिथे बोलणारा जणू श्वास टाकतो. तत्त्वाचे विवरण करायला ही जागा पुरत नाही. हट्ट, तक्रार, लाडिकपणा, शरणागती यांना ती नेमकी पुरते. शिवाय अभंग गृहीत धरतो की ऐकणारा देव समोर उभा आहे आणि त्याच्याशी एकेरीत भांडण्याचा भक्ताला अधिकार आहे. म्हणून ख्रिस्ताला अभंगात आणणे म्हणजे त्याच्याशी असलेले नातेच बदलणे होय. टिळक ख्रिस्ताला माउली म्हणतात तेव्हा ती एक उपमा राहत नाही. ज्ञानेश्वरांपासून वारकरी ज्या शब्दाने देवाला आणि गुरूला एकाच वेळी हाक मारीत आले, तो शब्द आपल्या सगळ्या इतिहासासह तेथे येतो, आणि पाश्चात्त्य धर्मशास्त्रात पिता व पुत्र या शब्दांच्या चौकटीत असलेली मूर्ती एकदम वेगळ्या उजेडात दिसू लागते. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे टिळक सांगत असत. 'अभंगांजली' वाचताना असे वाटते की तो पूल ओलांडून ते पलीकडे गेलेच नाहीत. त्यांनी पुलावरच बिऱ्हाड केले.

येथे टिळकांच्या पूर्वसूरींची आठवण होणे साहजिक आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात 1616 मध्ये 'क्रिस्तपुराण' छापले. इंग्लंडात जन्मलेल्या या येशूसंघीय धर्मगुरूने जवळजवळ अकरा हजार ओव्या मराठीत रचाव्या, ही वाङ्मयेतिहासातील असाधारण घटना आहे. परंतु स्टीफन्स भाषा शिकून पुराणाकडे आले; नव्या ख्रिस्ती झालेल्यांना त्यांच्या जुन्या पोथीच्या जागी नवी पोथी देणे, हा त्यांचा उद्देश होता. टिळकांना भाषा शिकायची नव्हती आणि जुने काही काढून घ्यायचेही नव्हते. याच कारणाने त्यांची अडचण अधिक खोल होती.

ती अडचण नीट कळण्यासाठी युरोपातील एका छोट्या भाषेकडे पाहणे उपयोगी ठरेल. पिरिनीज पर्वताच्या दोन्ही अंगांना बोलल्या जाणाऱ्या बास्क भाषेतील पहिले छापील पुस्तक 1545 मध्ये निघाले. ते बेर्नार्ट एचेपारे या धर्मगुरूच्या कवितांचे होते. त्या भाषेतील गद्याचा आदर्श मानला जाणारा 'गेरो' हा ग्रंथ 1643 चा, आणि त्याचा कर्ता अशुलार हाही पाद्रीच. पुढेही दीर्घकाळ तेथे धर्मगुरू, लेखक आणि शिक्षक ही एकाच माणसाची तीन कामे राहिली. शाळा व कचेरी स्पॅनिश-फ्रेंचच्या ताब्यात असताना बास्क लिहिती राहिली ती मुख्यतः व्यासपीठावरून आणि प्रार्थनापुस्तकातून. अशा ठिकाणी धर्मगुरूने लिहिलेली भाषा हीच वाङ्मयाची भाषा ठरते. त्याच्या वाचकाला 'हे साहित्य की प्रचार?' असा प्रश्न सुचतही नाही. मराठीत टिळकांच्या आधी सहाशे वर्षांची भक्तिकविता उभी होती, आणि तिच्या कर्त्यांशी त्यांना स्पर्धा करायची नव्हती, संवाद करायचा होता. तमिळमध्ये अशीच स्थिती एच. ए. कृष्ण पिळ्ळै (1827–1900) यांची होती. वैष्णव घराण्यातून आलेल्या या कवीने बनियनच्या रूपककथेवर 'रक्षण्ययात्रिकम्' हे महाकाव्य रचले ते कंबनाच्या वळणाने. तमिळांनी त्याला 'ख्रिस्ती कंबन' म्हटले आणि आपल्या काव्यपरंपरेत बसवून घेतले. टिळकांना 'ख्रिस्ती तुकाराम' म्हणण्याचा मोह मराठीतही काहींना झाला. पण त्या गौरवाच्या आड अभंगांचे बारकाईने वाचन मात्र झाले नाही.

'प्रचार' हा आक्षेप एकदा सरळ तपासून पाहिला पाहिजे. तुकारामाच्या अभंगात वारकरी संप्रदायाचा उपदेश नाही असे कोणी म्हणणार नाही. तुळशीची माळ, एकादशी, पंढरीची वारी यांचा आग्रह त्यात पदोपदी आहे. तरीही त्याला प्रचारक म्हणण्याचे कोणाच्या मनात येत नाही, कारण वाचकाला ते वातावरण हवेसारखे परिचित आहे. टिळकांच्या अभंगातील येशूचे नाव तेवढे ठळक दिसते, आणि कविता तेथेच थांबल्याचा भास होतो. हा वाचकाच्या सवयीचा दोष आहे, कवितेचा नाही. उलट जेथे दोष खरोखर कवितेचा आहे, ती जागा वेगळी आहे. पापाचे ओझे, प्रायश्चित्त, खंडणी असे सिद्धान्त समजावून सांगण्याकडे टिळक वळतात तेव्हा अभंगाचा चौथा चरण कोरडा पडतो. तो श्वास राहत नाही, मोजणी पुरी करण्यासाठी आलेले शेपूट होते. शिक्षकाची जुनी सवय तेथे कवीवर मात करते. टिळकांनी फार लिहिले, लिहिलेले निवडण्याची चिंता फारशी केली नाही, आणि ऐकणाऱ्याला कळले की नाही याची काळजी त्यांना अखेरपर्यंत सोडवली नाही.

हीच काळजी 'फुलामुलांच्या' कवितेतही आहे. 'वनवासी फूल' सारख्या दीर्घ कवितेत संवाद इतका लांबतो की फूल मागे राहते आणि व्याख्यान पुढे जाते. 'टिळकांची कविता' हा संग्रह 1914 मध्ये निघाला. तो आज वाचताना पाने उलटण्याची इच्छा अनेकदा होते. पण 'केवढे हे क्रौर्य!' मध्ये मात्र काही वेगळे घडले आहे. ही कविता पृथ्वी वृत्तात आहे. मराठी वाचकाच्या कानात हे वृत्त मोरोपंतांच्या 'केकावली'ने बसवले. केका म्हणजे मोराचा आर्त टाहो. भक्ताने ईश्वराला फोडलेली हाक मोरोपंतांनी पक्ष्याच्या हाकेच्या नावाने सांगितली. टिळकांनी तेच वृत्त घेऊन खऱ्याच पक्षिणीला दिले. बाणाने घायाळ झालेली आई पिलांसाठी घरट्यापर्यंत पोहोचण्याची धडपड करते. आणि वृत्ताच्या मधल्या लघु अक्षरांत ती धडपड, तो दम लागणे ऐकू येते. ईश्वराला या कवितेत हाक नाही. पण हाकेचे वृत्त आहे. शाळेतील वाचक या कवितेला भूतदयेचा पाठ समजतो, उपासनेतील वाचक तिला ऐहिक म्हणून बाजूला ठेवतो. स्वतःचे रक्त सांडत असता लेकरांच्या मुखी घास देणारी ही आई, आणि अभंगांतील ख्रिस्तमाउली, या दोन मूर्ती एकाच मनातून आल्या आहेत हे दोघांच्याही लक्षात येत नाही. कवितेचा अर्थ रूपकात बांधून टाकावा असा येथे आग्रह नाही. पक्षिणी पक्षिणीच आहे. मात्र माया हाच ज्याच्या धर्माचा गाभा होता त्या कवीला ती दिसली, एवढे म्हणणे वावगे ठरू नये.

शिक्षक म्हणून टिळकांचे सर्वांत मोठे काम कोणत्याही शाळेत झालेले नाही. जळगावला 1907 मध्ये भरलेल्या पहिल्या कविसंमेलनामागे त्यांची खटपट होती. त्याच संमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाला 'बालकवी' ही पदवी मिळाली. पुढे ठोमरे टिळकांच्या घरी राहिले, त्या घरचे झाले. टिळकांनी त्यांना आपल्या कवितेचा अनुयायी केले नाही आणि आपल्या धर्माकडेही ओढले नाही. बालकवींच्या निसर्गात उपदेशाचा लवलेश नाही. जे टिळकांना स्वतःच्या कवितेत साधले नाही ते त्यांनी शिष्यात वाढू दिले. 5 मे 1918 रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. पुढचा मे महिना गुरूंनाही घेऊन गेला.

टिळकांचे दोन्ही अर्ध एकत्र पाहायचे असतील तर ते त्यांच्या स्वतःच्या लेखनात नव्हे, लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त (1934–36) पाहावे लागतात. जे. सी. विन्स्लो यांनी 1923 मध्ये इंग्रजीत लिहिलेले चरित्र भाविक आणि अभ्यासू आहे. महाराष्ट्राबाहेर टिळक ज्यांना ठाऊक झाले त्यांना ते बहुधा या पुस्तकातून झाले. परंतु त्यातील टिळक एका संताच्या चित्रासारखे आहेत. लक्ष्मीबाईंचे टिळक संतापतात, न सांगता घर सोडून जातात, घरातले दुसऱ्याला देऊन टाकतात आणि मग उद्याच्या जेवणाचे काय याचा विचार बायकोवर सोपवतात. त्यांच्या धर्मांतराने झालेली ताटातूट तिने सोसली. त्या वर्षांतला काही काळ ती पंढरपुरात होती, हा योगायोगही लक्षात राहणारा आहे: पती तुकारामाचा हात धरून ख्रिस्ताकडे गेला, आणि पत्नी तुकारामाच्या विठ्ठलाच्या गावी त्याची वाट पाहत राहिली. 1900 मध्ये तिनेही दीक्षा घेतली. तत्पूर्वी सोवळ्याओवळ्याचे एकेक बंधन तिच्या मनातून कसे गळाले, हे तिने कोणताही सिद्धान्त न मांडता सांगितले आहे. टिळक जे समजावून सांगण्यासाठी शेकडो ओळी लिहीत, ते लक्ष्मीबाई एका स्वयंपाकघरातल्या प्रसंगात संपवतात. या ग्रंथाची इंग्रजी भाषांतरे झाली; जोसेफीन इंक्स्टर यांचे 1950 मध्ये, आणि शांता गोखले यांचे 2017 मध्ये. त्यामुळे आज एक विचित्र स्थिती उद्भवली आहे. देशभरच्या वाचकाला लक्ष्मीबाई माहीत आहेत, आणि ज्यांच्याविषयी त्यांनी लिहिले त्या कवीची कविता मात्र त्याच्या हाती नाही. अभंगांचे भाषांतर कठीण हे एक कारण. 'माउली' या शब्दाला इंग्रजीत केवळ आई उरते आणि गुरू, विठ्ठल, ज्ञानेश्वर सगळे गळून पडतात. मिशनच्या मराठीपुढे जी अडचण होती तीच येथे उलट्या बाजूने येते.

आयुष्याच्या अखेरीस टिळकांनी मिशनचे वेतन सोडले आणि 1917 मध्ये साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. दीक्षा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सगळेच शिष्य त्यात एकत्र यावेत अशी त्यांची कल्पना होती. मिशनमधल्या काहींना ती पचणे कठीण होते आणि जुन्या स्नेह्यांना ती संशयास्पद वाटण्याजोगी होती. दोन वर्षांत मृत्यूने तो डाव मोडला. संघटना म्हणून तिचे फारसे काही उरले नाही. पण टिळकांच्या अभंगात जे घडत होते त्याचेच ते सामाजिक रूप होते, हे ओळखले तर त्यांचे अखेरचे पाऊल लहर वाटत नाही. त्या दरबारात जागा न मिळालेले प्रश्न मात्र संपले नाहीत. वसईचे धर्मगुरू आणि मराठी लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची उस्मानाबाद येथील 93व्या मराठी साहित्य संमेलनाच्या (2020) अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा त्यांच्या लेखनापेक्षा त्यांच्या झग्याचीच चर्चा काही मंडळींनी अधिक केली. दिब्रिटो 2024 मध्ये निवर्तले. टिळकांच्या मृत्यूला तेव्हा एकशे पाच वर्षे झाली होती.

'ख्रिस्तायना'विषयी शेवटी थोडे. ख्रिस्ताचे समग्र चरित्र ओवीत गाण्याचा संकल्प टिळकांनी केला. नावावरूनच रामायणाची सावली दिसते. आरंभीचे थोडेच अध्याय त्यांच्या हातून झाले. त्यांत पांडित्य आहे, संस्कृत शब्दांची मांडणी आहे, आणि पोथीला साजेसे गांभीर्य आहे. अभंगातला हक्काचा स्वर मात्र नाही. येथे देव समोर उभा नसून त्याची गोष्ट सांगायची आहे, आणि गोष्ट सांगण्याचा धीर टिळकांपाशी फार नव्हता. त्यांच्या मागे हे काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. लग्नानंतर पतीच्या शिकवणीने अक्षरे गिरवलेल्या या बाईने उरलेल्या अध्यायांतील बहुतेक सारे पुरे केले, आणि अखेरचा हात त्यांचे पुत्र देवदत्त यांनी फिरवला. लक्ष्मीबाईंची ओवी जात्यावरच्या ओवीला अधिक जवळची आहे. तिच्यात शब्द थोडे, घरगुती, कधी ओबडधोबड आहेत. गालीलातले कोळी, विहिरीवर पाणी भरणारी बाई, चुलीपाशी राबणारी मार्था ही माणसे तिच्या ओवीत येतात तेव्हा ती राहुरीच्या किंवा नगरच्या ओसरीवर बसलेली दिसतात. टिळकांचे अध्याय संपून तिचे अध्याय कोठे सुरू होतात, हे न सांगताही कानाला कळते.